अक्कानं वाढलेलं ताट

आमच्या घरात आत्याचा विषय निघाला की बाबा एसीचा रिमोट शोधायला लागायचे. रिमोट समोरच असायचा. बाबांना एक मोठी बहीण आहे, तिला ते अक्का म्हणतात, ती ऑस्ट्रेलियातल्या कुठल्याशा लहान गावात राहते आणि तिच्याशी आपण बोलत नाही, एवढंच मला लहानपणापासून माहीत होतं. का बोलत नाही हे विचारायचं नसतं, हेही कळलं होतं. मी तशीही फार विचारणारी मुलगी नव्हते.

मी दोहात वाढले. शाळा इंग्लिश मीडियमची, मैत्रिणी केरळच्या आणि इजिप्तच्या. घरी आई-बाबा मराठीत बोलायचे आणि मी इंग्रजीत उत्तर द्यायचे. त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे. नाशिककडचं आमचं गाव म्हणजे जुलै-ऑगस्टच्या सुट्टीतले काही दिवस, द्राक्षाच्या मांडवाखालचा चिखल आणि "केवढी झाली गं" म्हणणारी माणसं. मांडवाला तेव्हा द्राक्षं नसायचीच.

मागच्या हिवाळ्यात दोहातल्या मराठी मंडळाच्या सकाळच्या हळदीकुंकवाला एक काकू आईजवळ आल्या. त्यांच्या फोनवर कुठून कुठून फिरत आलेला एक मेसेज होता. ऑस्ट्रेलियातल्या नदीकाठच्या एका गावातल्या म्हाताऱ्या बाईंनी तो इंग्रजीत लिहिला होता. त्या तिथल्या स्थानिक इतिहास मंडळात काम करत होत्या. त्यांच्या गावात अर्धं आयुष्य काढलेल्या एका भारतीय बाईंच्या नातेवाइकांचा त्या शोध घेत होत्या. या बाई आता वृद्धाश्रमात आहेत, त्यांची स्मृती गेली आहे, इंग्रजी तर पूर्ण गेलं आहे. त्या जी भाषा बोलतात ती बहुधा मराठी असावी. खाली त्यांच्या माहेरच्या गावाचं नाव होतं, आमच्याच गावाचं, आणि गावाजवळच्या टेकडीवरच्या देवीचंही.

आईनं ते दोनदा वाचलं. घरी आल्यावर बेडरूमच्या बंद दाराकडे पाहिलं. बाबा रास लफानच्या गॅस प्लांटवरून नाईट शिफ्ट करून येऊन झोपले होते.

"तू फोन कर," ती मला म्हणाली.

"मी का?"

"तुझं इंग्लिश चांगलं आहे."

माझं इंग्लिश ही आमच्या घरातली सामायिक वस्तू आहे, मोठ्या कुकरसारखी. बँक, हॉस्पिटल, घरमालक, सगळीकडे ते बाहेर काढलं जातं. मला अनोळखी माणसांशी बोलताना तळहाताला घाम येतो, ही गोष्ट त्यात कुणी धरत नाही.

मी फोन केला. मेसेज लिहिणाऱ्या बाईंचा आवाज कोरडा होता. पण मी कोण ते सांगितल्यावर त्या एकदम पुष्कळ बोलल्या. त्यांचं मंडळ गावच्या बंद पडलेल्या रेल्वे स्टेशनात भरतं. युद्धावरून आलेल्या सैनिकांना तिथं जमिनीचे तुकडे मिळाले, नदीवर पंप बसले, माळावर द्राक्षं आली. तेव्हापासून गावात कुठलं कुटुंब कधी आलं, कुणाचं घर पुरात गेलं, कुणाच्या बेदाण्याच्या शेडला आग लागली, हे सगळं ही म्हातारी माणसं जमवत बसतात. आत्याचे यजमान तिथल्या पॅकिंग शेडमध्ये मशिनरी सांभाळायला आले होते. ते वारल्यावरही आत्या तिथंच राहिली आणि पुढं या मंडळाचीच झाली. स्टेशनातल्या भिंतीवर तिचा एक फोटोही आहे, बेदाणे वाळवायच्या रॅकपाशी, साडीवर पुरुषाचा शर्ट घातलेला.

"तुमच्या गावात पायऱ्यांची विहीर अजून आहे का?" बाईंनी विचारलं. "आणि तुमच्या आजोबांचा एका शिंगाचा बैल होता ना?"

मला यातलं काहीच माहीत नव्हतं. मी म्हटलं, "हो."

मग त्या मूळ गोष्टीवर आल्या. आत्याला अंघोळ घालायला नेलं की ती घाबरते, कारण काय चाललंय हे तिला सांगणारं कुणी नाही. ती दिवसभर बोलते आणि एका माणसालाही कळत नाही. "आम्ही तिचं वाईट करत नाही आहोत," बाई म्हणाल्या, "एवढं तिला तिच्या भाषेत कुणीतरी सांगितलं तरी पुरे."

बाबा उठल्यावर आईनं त्यांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, चहा संपवला आणि कपडे वाळत घालायला बाल्कनीत गेले. एरवी ते काम ते करत नाहीत.

आमची सकाळ म्हणजे तिथली संध्याकाळ. तिथं रात्रीचं जेवण उजेड असतानाच उरकतात, त्या वेळी व्हिडिओ कॉल करायचं ठरलं. पहिल्या कॉलला आई आणि मी होतो. बाबा आत, दार बंद. स्क्रीनवर बारीक कापलेले पांढरे केस, बटणं चुकीची लावलेला स्वेटर आणि हुबेहूब बाबांचं नाक. माझंही तेच नाक आहे.

"अक्का, ओळखलंत का? मी तुमच्या भाऊची बायको."

बाबा तिचे धाकटे, बरेच धाकटे. ती त्यांना भाऊ म्हणायची. तो शब्द ऐकल्याबरोबर तिनं स्क्रीनच्या मागं वाकून पाहिलं, माणूस तिथं लपला असल्यासारखं.

"भाऊ कुठंय?"

आईनं बंद दाराकडे पाहिलं. "येतायत ना," ती म्हणाली. "आम्ही सगळेच येतोय तुमच्याकडं. जेवायलाच येतो."

"कव्हा?"

"लवकरच. तुम्ही तयारीत राहा."

"मग सैपाकाला लागते मी," आत्या म्हणाली आणि उठायलाच लागली. आम्ही हसलो. तिच्याजवळच्या नर्सला काही कळलं नव्हतं, तीही हसली. फोन ठेवल्यावर आईनं गाणं गुणगुणत कणीक मळली. आजारी माणसाला बरं वाटावं म्हणून आपण जे बोलतो तेच ती बोलली होती. मीही तेच बोलले असते, मराठीत सुचलं असतं तर.

दुसऱ्या दिवसापासून आत्यानं जेवण सोडलं.

आधी कुणाला विशेष वाटलं नाही. मग बाईंचे मेसेज येऊ लागले. पाणी पिते, घास घेत नाही. भरवायला गेलं तर तोंड फिरवते. डॉक्टर येऊन गेले. घसा ठीक, पोट ठीक. शेवटी नर्सनं मला फोनवर नीट, सावकाश सांगितलं, शाळेत बाई सांगतात तसं. या आजारात एक टप्पा असा येतो की माणूस खाणं सोडतं. तुमच्या आत्याचा तो आला असावा. आम्ही बळजबरी करत नाही. घरच्यांनी मनाची तयारी ठेवावी.

हे मराठीत कसं सांगायचं ते मला येईना. मी आईला म्हटलं, "They're saying हा आजारच असा."

बाबांनी त्याआधीच व्हिसाचा अर्ज केला होता. आम्हाला न सांगता, एकट्यानं. मला ते त्यांच्या लॅपटॉपवर प्रिंट काढताना दिसलं. पण प्लांटमध्ये शटडाऊन चालू होता. वर्षात एकदा सगळं बंद करून दुरुस्त्या करतात, त्या दिवसांत रजेचं नावही काढता येत नाही. व्हिसा 'प्रोसेसिंग'मध्ये अडकून बसला होता.

"निदान फोनवर तरी बोला," आई म्हणाली.

"प्रत्यक्ष जाईन."

"तोवर ती राहिली नाही तर?"

"झोपू दे मला. नाईट करून आलोय."

दार बंद झालं. मी दारापाशी उभी होते. आत एसी चालू होता आणि बाबा झोपलेले नव्हते. झोपलेल्या माणसाच्या खोलीतून वेगळी शांतता येते.

मी रोज कॉल लावत राहिले. आत्या जेवणाच्या टेबलाशी बसलेली असायची. समोर ताटलीत कुस्करलेला बटाटा, वाटाणे, गाजर, चिकनचा तुकडा. ती ताटली स्वतःकडे ओढायची नाही. पलीकडच्या रिकाम्या खुर्चीसमोर सरकवायची, आणि मग हात लांब करून चमच्यानं त्यातलं इकडचं तिकडे करायची. नर्सनं मला सांगितलं, ती अन्नाशी खेळते, फार पसारा करते. मिठाची पुडी फोडून ताटलीच्या कडेला ओतून ठेवते. मलाही ते खेळणंच वाटलं. माझ्या शिकवणीला येणारी एक लहान मुलगी डब्यातल्या भाताशी असंच करते.

एके दिवशी आई ओले हात पुसत मागं येऊन उभी राहिली. थोडा वेळ पाहिलं आणि तिचा हात तोंडावर गेला.

"अगं, ताट वाढतीये ती."

"What?"

"बघ ना. मीठ वर मधोमध. गाजर डावीकडं, कोशिंबिरीच्या जागी. वाटाणे उजवीकडं, भाजी. बटाटा मधे, भाताची मूद केलीये. अगं, पाहुण्याचं ताट वाढलंय तिनं." आणि मग आवाज एकदम खाली गेला. "मीच सांगितलं. जेवायला येतो म्हणून मीच सांगितलं."

बाबांच्या घरी रीत होती. माहेरचं माणूस यायला निघालंय असा निरोप आला की घरची बाई त्याच्याआधी घास तोंडात घालत नाही. पहिलं ताट भावाचं. आई लग्न होऊन आली तेव्हा आजीला तिनं असं दिवस कलेपर्यंत उपाशी बसलेलं पाहिलं होतं, का तर आजीच्या माहेरची बैलगाडी वाटेत अडकली होती. सगळं विसरलेल्या आत्याच्या हाताला हे तेवढं आठवत होतं. आणि आम्ही निरोप दिला होता.

आई त्याच क्षणी फोनमध्ये वाकली. "अक्का, आम्ही जेवून आलोय बरं का! तुम्ही जेवून घ्या."

आत्याचा चेहरा पडला. "माझ्याकडं यायचं आन् जेवून यायचं? माझ्या हातचं चालत न्हाई व्हय?"

"तसं नाही हो अक्का..."

"सांगा ना सरळ."

दुसऱ्या दिवशी आई म्हणाली, यायचं रद्द झालं, तुम्ही जेवा. ते त्याहून वाईट निघालं. आत्या रडली. "भाऊ रागावलाय माझ्यावर," एवढंच म्हणत राहिली, आणि त्या दिवशी पाणीही घेईना.

मग आम्ही खरंच ताटं घेऊन फोनसमोर बसलो. वरण-भात, बटाट्याची भाजी, काकडीची कोशिंबीर. सकाळच्या वेळी मला भात जात नव्हता, तरी मी जेवले. आत्या खूश होऊन बघत होती. "पोरीला तूप वाढा की. हाडं बघा कशी दिसत्यात." मला म्हणाली, "लाजू नको गं. कोणाची तू?" मी म्हटलं, "भाऊची." हा बहुतेक मी तिच्याशी बोललेला पहिला मराठी शब्द. ती मान हलवत राहिली. आई घाईनं म्हणाली, "झालं आमचं जेवण. आता तुम्ही बसा."

"मी? भाऊ जेवल्याबिगर मी कशी बसू?"

आईनं ताट उचललं आणि स्वयंपाकघरात गेली. नळ बराच वेळ चालू होता.

मी बाहेर येऊन जिन्यात बसले आणि बाईंना फोन लावला. मदिनत खलीफा वस्तीतल्या आमच्या व्हिलात चार भाडेकरू राहतात, जिना सामायिक आहे, पण त्या वेळी सगळे कामावर असतात. मला विचारायचं होतं, किती दिवस. विचारता येईना. बाईंनीच सांगितलं, फार नाहीत. मग व्यवहाराचं बोलल्या. काळजी करू नका म्हणाल्या, तिची इच्छा आम्हाला माहीत आहे. तिला बाळाशेजारी ठेवायचं आहे. ती जागा आम्ही राखून ठेवली आहे.

"कुठलं बाळ?"

बाईंनी उलट विचारलं, "तुम्हाला माहीत नव्हतं?"

आत्याला मुलगा झाला होता. काही दिवसच जगला. तान्ह्या बाळाला आपल्यात जाळत नाहीत, पुरतात. यजमानांनी त्याला गावच्या दफनभूमीत, मुलांच्या रांगेत पुरलं. बारसं झालेलं नव्हतं, म्हणून दगडावर नाव नाही, नुसतं आडनाव आणि 'मुलगा'. आत्यानं घरी कळवलं नसावं, किंवा कळवलं तर ते आजी-आजोबांपाशीच राहिलं. इतिहास मंडळाची माणसं जुने दगड वाचत, नोंदत फिरत होती, तेव्हा एक साडीतली बाई लांबून धावत आली. तिला वाटलं, हे लोक तो दगड काढायला आले आहेत. अशी त्यांची ओळख. नंतर ती दर आठवड्याला त्यांच्याबरोबर दगड घासायला जायची. सगळ्यांचे.

"आणि यजमान वारल्यावर?" मी विचारलं. "तेव्हा ती परत का नाही आली?"

"निघाली होती ना," बाई म्हणाल्या. "घर सोडलं होतं. बॅगा माझ्या गाडीत होत्या. मीच तिला शहराच्या बसपर्यंत सोडणार होते. वाटेत म्हणाली, दोन मिनिटं दफनभूमीपाशी थांब. मी गाडीचं दार उघडं धरून उभी होते. ती दगडाजवळ बसली, ती उठलीच नाही. मी बोलावलं, हात धरला. शेवटी तिला माझ्याच घरी घेऊन गेले."

ही गोष्ट बाबांना सांगायची कुणी, हा प्रश्नच नव्हता. आईला सांगितलं असतं तर तिनं रडत सांगितली असती आणि बाबा बाल्कनीत गेले असते. दुसऱ्या सकाळी शिफ्टवरून येऊन ते बूट काढत होते. कव्हरऑलची, कामावरच्या अंगभर कपड्याची, पिशवी दाराशी होती. मी इंग्रजीत सुरुवात केली. मग थांबले, आणि पुन्हा पहिल्यापासून मराठीत सांगितलं. माझी वाक्यं मोडकी होती. त्यांनी मधे एकदाच विचारलं.

"मुलगा?"

"हो."

एक बूट हातात तसाच होता.

"मी विमानतळावर होतो," ते म्हणाले. "गावावरून जीप करून गेलो होतो मुंबईला. तिच्यासाठी खोली रंगवून घेतली होती. थर्मासमधे चहा होता, तिला विमानातला चालायचा नाही म्हणून. सगळी माणसं आली, शेवटी ते झाडूवाले पण बाहेर आले. तिचा फोन आला आठवड्यानं. मी म्हटलं, आता येऊच नको."

"तिनं सांगितलं नाही? बाळाचं?"

"मी बोलू दिलं नाही तिला."

ते अंघोळीला गेले. बाहेर आले ते इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून. आईला म्हणाले, "ताट वाढ."

आईनं हॉलमध्ये जमिनीवर चटई टाकली. मी तांदळाच्या डब्याला टेकवून फोन उभा केला. बाबा मांडी घालून बसले. गुडघे दुखतात त्यांचे, नीट घालता आली नाही. पलीकडे बाईंनी टॅबलेट रिकाम्या खुर्चीच्या जागी धरला होता, ताटलीसमोर. आत्या खूप बारीक झाली होती. तिनं समोर पाहिलं आणि नसलेला पदर डोक्यावरून ओढला.

"अक्का," बाबा म्हणाले.

"या, बसा. लांबून आलात?"

बाबांचं टक्कल, चष्मा, पिकलेल्या मिशा. मी त्यांना पहिल्यांदा तिच्या बाजूनं पाहिलं आणि मला कळलं काय होणार ते.

"अक्का, मी भाऊ."

ती हसली, अनोळखी माणसाच्या विनोदाला हसतात तसं. "भाऊ माझा एवढा हाय," तिनं टेबलाच्या उंचीला हात धरला. "शाळेत जातो. यायचाय अजून. तुम्ही घ्या ना, सुरू करा. त्याला उशीर झालाय."

"अक्का, बघ ना माझ्याकडं. मीच..."

ती बावरली. दाराकडे बघायला लागली, खुर्चीचा दांडा घट्ट धरला. बाईंचा हात तिच्या खांद्यावर दिसला. बाबा आणखी पुढं वाकले, त्यांचा आवाज चढला. मोठ्या माणसाला रडताना आवाज कुठं ठेवायचा कळत नाही.

मी सहसा बोलत नाही. पण तेव्हा बोलले, अगदी हळू. "बाबा, पाहुणे व्हा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग सरळ बसले. चष्मा काढून शर्टानं पुसला, परत घातला.

"ताई," ते म्हणाले, "तुमचा भाऊ वाटेत भेटला होता."

आत्याचा हात दांड्यावरून सुटला. "कुठं?"

"आमच्याच घरी उतरला. त्याचं जेवण झालं. म्हणाला, अक्काला सांगा, थांबू नको. जेवून घे."

"तुमच्याकडं जेवला?"

"हो."

"काय केलं होतं?" ती काही सहजी फसणारी बाई नव्हती.

"बाजरीची भाकरी. वांग्याचं भरीत."

"तिखट सोसत न्हाई त्याला."

"कमीच घातलं होतं."

"पोटभर जेवला?"

"पोटभर. वर ताक प्यायला."

आत्यानं ताटलीकडे पाहिलं. "मंग तुम्ही तरी घ्या," ती म्हणाली. बाबांनी भात कालवला आणि घास घेतला. तिनं आणखी एक घास जाईपर्यंत वाट पाहिली, मग हात लांब करून ताटली आपल्याकडे ओढली. चमचा न घेता, बोटांनी बटाट्यात वाटाणे कालवले आणि खाल्लं. फार नाही. पण खाल्लं. बाईंनी टॅबलेट हलू दिला नाही, फक्त त्यांचा श्वास ऐकू येत होता. आई फ्रिजच्या आड उभी होती.

त्यानंतर बाबा रोज पाहुणे झाले. डे शिफ्ट सुरू झाल्यावर रास लफानला जेवणाच्या सुट्टीआधीच थोडा वेळ मागून घ्यायचे, कंपनीच्या उभ्या बसमध्ये जाऊन बसायचे आणि डबा मांडीवर उघडायचे. आम्ही घरून कॉलवर असायचो. "रोज एकच कपडे घालता," आत्या त्यांच्या कव्हरऑलकडे बघून म्हणायची, "बायको धूत न्हाई का?" मागच्या सीटवरचा कुणीतरी विचारायचा, "कौन है, भाईजान?" बाबा फोनवर हात ठेवून सांगायचे, "मेरी दीदी." हात काढला की पुन्हा ताई, पुन्हा तुम्ही. रोज नव्यानं सांगावं लागायचं, भाऊ भेटला, भाऊ जेवला. एखाद्या दिवशी तिला पटायचं नाही. त्या दिवशी ताटली पलीकडेच राहायची.

ती वाचेल असं मला वाटू लागलं होतं. आईनं तर तिच्यासाठी स्वेटरही आणला, बाबा जाताना नेतील म्हणून. पण नर्स मुळात खोटं बोलली नव्हती. आजार त्याच्या वाटेनं चाललाच होता. घास कमी होत गेले, मग पातळ, मग नुसते ओठ ओले करणं. बाबा रोज दुपारी फोनवर व्हिसाचं पान उघडायचे आणि मिटायचे. शटडाऊन संपला, रजा मंजूर झाली, व्हिसा नाही. आत्या गेली तेव्हाही तो आलेला नव्हता. तिला त्या रांगेत बाळाशेजारी ठेवलं. बाईंनी फोन धरून आम्हाला ते दाखवलं. जमलेल्या म्हाताऱ्या माणसांनी हॅट काढून हातात धरल्या होत्या, आणि वारा फार असल्यानं कुणी काय म्हटलं ते ऐकू आलं नाही.

ती गेली त्याच्या आदल्या दिवशीचा कॉल शेवटचा. आत्या पलंगावर होती, ताटली नव्हतीच. बाबा बसमध्ये, डबा न उघडता. मला वाटलं ती झोपली आहे. पण तिनं डोळे उघडून पाहुण्याकडे बघितलं.

"तुम्हाला बहीण हाय का?"

"आहे," बाबा म्हणाले.

"मोठी का धाकटी?"

"मोठी."

"बोलावता का तिला घरी?"

बाबांनी न उघडलेल्या डब्याची कडी चाचपली.

"बोलवत जा," ती म्हणाली. प्रत्येक शब्दाला तिला श्वास घ्यावा लागत होता. "बाईमाणसाला तेवढंच असतं."

"चुकलं माझं," बाबा म्हणाले. "फार चुकलं, अक्का."

तिनं भुवया किंचित वर केल्या. अनोळखी माणूस आपल्यापाशी हे का बोलतोय, तसं.

"मला कशाला सांगता? तिला सांगा."

"सांगतो," बाबा म्हणाले. बसमध्ये माणसं चढायला लागली, पुढून कुणीतरी निघायची घाई करत "यल्ला, यल्ला" ओरडलं, आणि त्यांना फोन ठेवावा लागला.